शिक्का अस्सल, माती नक्कल : लेम्नोसच्या औषधी मातीची आणि तिच्या नकलांची दीड हजार वर्षे

१/
सोळाव्या शतकातील कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारात औषधविक्रेत्यांकडे नाण्याच्या आकाराच्या मातीच्या वड्या मिळत. वडीच्या एका बाजूस अरबी अक्षरांचा ठसा असे. विषबाधा, सर्पदंश, अतिसार, प्लेग अशा अनेक व्याधींवर ही माती चुरून पाण्यातून किंवा मद्यातून घेतली जाई. ती एजियन समुद्रातील लेम्नोस या एकाच बेटावर मिळत असे, तीही अत्यल्प प्रमाणात. बाजारात मात्र तिचा तुटवडा क्वचितच भासे! या मातीच्या, तिच्यावरील शिक्क्याच्या आणि तिच्या असंख्य नकलांच्या इतिहासावर हा थ्रेड.

२/
लेम्नोस हे उत्तर एजियनमधील ज्वालामुखीजन्य खडकांचे बेट. ग्रीक पुराणकथांनुसार देवांचा लोहार हेफेस्टस स्वर्गातून फेकला गेला तो याच बेटावर पडला. ट्रॉयच्या युद्धाला निघालेल्या फिलॉक्टेटिस या वीराला सर्पदंश झाला, तेव्हा त्याचे सहकारी त्याला येथेच सोडून पुढे गेले. बेटावरील एका टेकडीची माती विषावर उतारा आहे, ही समजूत या कथांच्या सावलीत वाढली. तिचे ग्रीक नाव ‘स्फ्रागिस’, म्हणजे शिक्का. पुढे लॅटिनमध्ये तिला ‘टेरा सिजिलाटा’, म्हणजे मुद्रांकित माती, म्हणू लागले. (रोमन काळातील तांबड्या चकचकीत मृद्भांड्यांनाही पुरातत्त्वज्ञ हेच नाव देतात; तो विषय निराळा.)

३/
नावातच शिक्का आहे, हे ध्यानात घेण्याजोगे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात डायोस्कोरिडीस या वनौषधितज्ज्ञाने लिहून ठेवले की लेम्नोसचे लोक ही माती बोकडाच्या रक्तात मळतात आणि तिच्यावर बोकडाची आकृती उमटवतात. त्याच शतकातील रोमन लेखक प्लिनी सांगतो की ही माती शिक्क्याशिवाय विकलीच जात नसे. एखाद्या औषधी पदार्थाची ओळख त्याच्या रंगावरून, वासावरून वा चवीवरून न ठरता त्याच्यावरील छापावरून ठरावी, याचे हे फार जुने उदाहरण होय.

४/
दुसऱ्या शतकात पर्गामम येथील वैद्य गॅलेन याच्या मनात एक शंका आली. डायोस्कोरिडीसने रक्ताचा उल्लेख केला होता, प्रमाण सांगितले नव्हते. मातीत रक्त किती मिसळायचे? ग्रंथ उलगडण्यापेक्षा स्वतः जाऊन पाहावे, असे त्याने ठरवले. पहिल्या सफरीत जहाज लेम्नोसच्या मिरिना या बंदराला लागले, पण ती टेकडी हेफेस्टियास या दुसऱ्या नगराच्या हद्दीत होती. तांडेल थांबायला तयार होईना. गॅलेनला हात हलवत परतावे लागले.

५/
रोमहून स्वदेशी परतताना त्याने दुसऱ्यांदा वाट वाकडी केली. या खेपेस त्याने टप्प्याटप्प्यांची समुद्री अंतरे नोंदवून ठेवली, म्हणजे पुढे कुणाला तेथे जायचे असेल तर त्याची फसगत होऊ नये. टेकडीवर त्याला एक पुजारीण भेटली. तिने जमिनीला गहू आणि जव वाहिले, विधी केले, गाडीभर माती उचलली आणि ती नगरात नेली.

६/
पुढची कृती गॅलेनने एखाद्या कारागिराच्या काटेकोरपणे लिहिली आहे. माती पाण्यात घालून ढवळायची. गाळ खाली बसू द्यायचा. वरचे पाणी ओतून टाकायचे. तळाशी बसलेला खडा आणि वाळू बाजूला ठेवायची. मधला चिकट, तुपट थर तेवढा घ्यायचा. तो थर मऊ मेणासारखा होईपर्यंत सुकवायचा, त्याचे लहान लहान भाग करायचे, त्यांवर आर्टेमिस देवीची पवित्र मुद्रा उमटवायची आणि वड्या सावलीत वाळवायच्या. गणेशमूर्तीसाठी शाडू भिजवून गाळताना ज्याने पाहिले आहे, त्याला ही क्रिया सहज समजेल.

७/
आणि रक्त? गॅलेनने तसे विचारताच ऐकणारे सगळे हसू लागले. बोकडाच्या रक्ताची गोष्ट बेटावर कुणालाच ठाऊक नव्हती. शंभरएक वर्षे ग्रंथातून ग्रंथात गेलेली माहिती एका प्रश्नासरशी कोसळली. गॅलेनने बेटावरून तब्बल २०,००० वड्या बरोबर नेल्या. पोटात विष गेल्याचा संशय असलेल्या रुग्णांना त्याने ही माती दिली व तिने उलटी होते असे नोंदवले. चिघळलेल्या जखमांवर आणि आतड्यांच्या व्रणांवरही तो ती वापरत असे.

८/
गॅलेनचा हा उद्योग नुसत्या चौकसपणाचा नव्हता. रोमन साम्राज्यातील औषधांचा बाजार बनावट मालाने भरलेला होता, आणि याची त्याला पुरती जाण होती. औषधांच्या नकला कशा करतात, ही विद्या त्याने तरुणपणी एका माणसाला पैसे देऊन शिकून घेतली होती. तिच्या कृती ग्रंथात लिहायला मात्र त्याने नकार दिला. त्या वाचून दुर्जनांचेच फावेल, असे त्याचे मत होते. जो वैद्य नकलेची कला जाणतो, तोच उगमापर्यंत प्रवास करण्याची तसदी घेतो. सामान्य रुग्णाला हा मार्ग मोकळा नव्हता. त्याच्यापाशी एकच आधार होता: वडीवरील शिक्का.

९/
गॅलेनच्या ग्रंथांबरोबर या मातीची कीर्ती अरबी व फारसी वैद्यकात शिरली. ‘तीन-ए-मख्तूम’ हे तिचे अरबी नाव. ‘तीन’ म्हणजे माती आणि ‘मख्तूम’ म्हणजे मोहरबंद. इब्न सिना याच्या ‘कानून’ या ग्रंथातही ती आहे. फारसीत ती ‘गिल-ए-मख्तूम’ झाली आणि याच नावाने युनानी वैद्यकाबरोबर हिंदुस्थानात पोहोचली. युनानी औषधसूचीत हे नाव आजही आढळते. एजियनमधील टेकडी ज्यांनी कधी पाहिली नाही, अशा हजारो कोसांवरच्या हकिमांच्या फडताळात तिचे नाव जाऊन बसले. माती खरोखर तेथूनच येई का, हा प्रश्न अंतराबरोबर वाढतच गेला.

१०/
१४७९ च्या तहानंतर लेम्नोस व्हेनिसकडून ऑटोमन सत्तेकडे गेले. आर्टेमिसची पुजारीण केव्हाच लोपली होती. विधी मात्र नव्या रूपात टिकून होता. ख्रिस्ती पंचांगातील ६ ऑगस्ट हा येशूच्या रूपांतराचा सण. वर्षातून त्या एका दिवशी पहाटे टेकडीवर ग्रीक धर्मगुरू प्रार्थना करीत, ऑटोमन अधिकारी देखरेख करीत आणि खणती होई. खड्डा लगेच बुजवला जाई. इतर दिवशी खणण्यास सक्त मनाई होती. माती धुऊन तिच्या वड्या पाडल्या जात आणि त्यांवर अरबी अक्षरांत ‘तीन-ए-मख्तूम’ असा ठसा उमटे. ग्रीक देवी, ख्रिस्ती सण आणि मुसलमान सुलतान, तिघांनीही एकाच मातीला आपापल्या काळात मान्यता दिली.

११/
या मातीचा मोठा वाटा सुलतानाकडे जाई. सुलतान ती परकीय वकिलांना नजराणा म्हणून देई. युरोपीय दरबारांत तेव्हा विषप्रयोगाची धास्ती कायमची असे, त्यामुळे या भेटीचे मोल फार. वर्षातून एकदाच होणारी खणती, राजसत्तेचा पहारा, मूठभर पुरवठा आणि अमर्याद मागणी: नकलेला याहून पोषक हवामान कोणते असणार?

१२/
फ्रेंच निसर्गअभ्यासक पियेर बेलाँ १५४६ च्या सुमारास पूर्वेकडे आला. प्रथम त्याने कॉन्स्टँटिनोपलच्या व्यापाऱ्यांकडे फिरून वड्या गोळा केल्या. शिक्के एकसारखे नव्हते. अक्षरांची वळणे निराळी, आकार निराळे, मातीचे रंगही निराळे. प्रत्येक विक्रेता मात्र आपलाच माल अस्सल असल्याचे शपथेवर सांगे. मग बेलाँ लेम्नोसला गेला आणि गॅलेनप्रमाणेच उगमापाशी जाऊन चौकशी केली. १५५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रवासग्रंथात ही हकिकत येते.

१३/
नक्कल करणे सोपे का होते, हे समजून घेतले पाहिजे. अस्सल मातीपाशी कोणतीही एकमेवाद्वितीय खूण नव्हती. तांबूस, तुळतुळीत, जिभेला चिकटणारी माती अनेक ठिकाणी मिळते. आर्मेनियाची तांबडी माती तर स्वतःच नामांकित औषध होती. रोममधील साथीत ती गुणकारी ठरल्याचे खुद्द गॅलेनने लिहिले होते. माती धुण्याची कृतीही त्याच्या ग्रंथातच सापडत होती. उरला शिक्का, आणि तो कोरायला एक कसबी कारागीर पुरे.

१४/
मराठी इतिहासाच्या अभ्यासकांना ही अडचण ओळखीची वाटेल. शिवकालीन पत्राच्या माथ्यावर मुद्रा आणि अखेरीस मोर्तब असे; पत्र पुरे झाले, यापुढे कुणी अक्षर वाढवू नये, हा त्याचा अर्थ. ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द तेथूनच रूढ झाला. तरीही वतनाच्या भांडणांत बनावट कागद पुढे येतच. तेव्हा अक्षर, भाषा, तारीख, मायना हे सारे पडताळून कागदाचा खरेखोटेपणा ठरवता येतो. मातीच्या वडीत पडताळण्यासारखे काहीच लिहिलेले नसते. तिचा मजकूर म्हणजे तिचा गुण, आणि तो दिसतो रुग्णाच्या पोटात गेल्यावर.

१५/
सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात नकलेने वेगळेच रूप घेतले. सायलेशिया प्रांतातील स्ट्रीगाउ (आजचे पोलंडमधील स्ट्शेगोम) या गावी योहानेस मोंटानुस नावाच्या वैद्याला जवळच्या डोंगरात चिकट माती सापडली. त्याने ती धुतली, वड्या पाडल्या आणि त्यांवर तीन डोंगरांची मुद्रा उमटवली. आपला माल लेम्नोसचा आहे असे त्याने कधी म्हटले नाही. उलट, सोन्याच्या खाणींच्या परिसरातील ही माती म्हणजे पृथ्वीच्या पोटात परिपक्व झालेल्या सोन्याची जणू ‘चरबी’, म्हणून ती तुर्कांच्या मातीपेक्षा सरस, असा त्याचा दावा होता.

१६/
चोरटी नक्कल मूळ मालाचे नाव घेऊन लपते. मोंटानुसच्या मातीने मूळ मालाचा केवळ साचा उचलला. धुण्याची रीत तीच, वडीचा आकार तोच, शिक्क्याची कल्पना तीच, रोगांची यादीही तीच. नाव तेवढे स्वतःचे. त्यात राजकारणही होते. ऑटोमन सत्ता मध्य युरोपच्या सीमेवर उभी असताना, विषावरील उताऱ्यासाठी सुलतानाच्या मर्जीवर का अवलंबून राहावे, हा युक्तिवाद जर्मन संस्थानिकांना पटणारा होता.

१७/
पण या नव्या मातीपुढे एक पेच उभा राहिला. लेम्नोसच्या मातीपाठी गॅलेनचे नाव आणि दीड हजार वर्षांची परंपरा होती. स्ट्रीगाउच्या मातीपाठी काय होते? सॅक्सनीतील ओशात्झचा अँड्रियास बेर्थोल्ड हा तिचा फिरता विक्रेता गावोगाव, दरबारोदरबारी जाई आणि सर्वत्र संशयाचे स्वागत होई. परंपरेचा शिक्का नसलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळवायचे तर एकच वाट होती. बेर्थोल्ड म्हणू लागला, माझी माती तपासून पाहा.

१८/
१५८० मध्ये हेसे-कासलचा लँडग्रेव्ह विल्हेल्म चौथा याने ती तपासली. हा संस्थानिक स्वतः खगोलशास्त्राचा जाणकार, मोजमापाची आवड असलेला. त्याच्या वैद्यांनी आठ कुत्रे निवडले आणि चार निरनिराळी विषे घेतली. प्रत्येक विष दोन कुत्र्यांना दिले. जोडीतील एकाला विषानंतर माती दिली, दुसऱ्याला काहीच नाही. परिणाम लिहून ठेवले गेले आणि निष्कर्ष मातीच्या बाजूने लागला. तुलनेसाठी दुसरा प्राणी औषधाविना ठेवण्याची ही पद्धत आजच्या वाचकाला ओळखीची वाटेल. सोळाव्या शतकात ती विरळा होती.

१९/
पुढची पायरी अधिक भीषण. १५८१ मध्ये होहेनलोहेचा काउंट वोल्फगांग याच्या लांगेनबुर्ग येथील तुरुंगात वेंडेल थुम्ब्लार्ट नावाचा चोर फाशीची वाट पाहत होता. बेर्थोल्डच्या मातीची वार्ता त्याच्या कानी गेली आणि फाशीऐवजी आपल्यावर विषाचा प्रयोग करावा, अशी विनंती त्याने केली. त्याला गुलकंदातून दीड ड्रॅम, म्हणजे आजच्या मापाने ५ ग्रॅमहून अधिक, पाऱ्याचे जहाल क्षार देण्यात आले. याच्या काही अंशानेही माणूस दगावू शकतो. पाठोपाठ जुन्या मद्यातून माती पाजली. वेंडेलला भयंकर यातना झाल्या, पण तो जगला, आणि फाशी टळली.

२०/
बेर्थोल्डने ही हकिकत छापून प्रसिद्ध केली. १५८७ मध्ये तिचे इंग्रजी भाषांतरही निघाले. विक्रीसाठी याहून मोठी जाहिरात कोणती? पण या प्रयोगांत एक जागा रिकामी राहिली. स्ट्रीगाउची माती आणि काहीच न देणे, यांची तुलना झाली. स्ट्रीगाउची माती आणि शेजारच्या शेतातील कोणतीही चिकणमाती, यांची तुलना कुणी केली नाही. ती झाली असती तर शिक्क्याची, सोन्याच्या चरबीची आणि पवित्र टेकडीची खरी परीक्षा झाली असती. वेंडेल मातीमुळे वाचला, उलटीमुळे वाचला की त्याची प्रकृतीच चिवट होती, हेही त्या एका प्रसंगावरून ठरत नाही.

२१/
एवढे खरे की यानंतर ‘आपापल्या’ मातींचे पेवच फुटले. माल्टा बेटावर संत पॉलच्या गुहेतील मातीच्या मुद्रांकित वड्या विकल्या जात. पॉलला तेथे साप चावला आणि त्याला काही झाले नाही, ही बायबलमधील कथा तिचा आधार. म्हणजे माल्टाची माती फिलॉक्टेटिसच्या जागी संत पॉलला बसवत होती. प्रत्येक नव्या मातीने जुन्या मातीची गोष्टही उचलली आणि तिला स्थानिक वेष चढवला.

२२/
औषधविक्रेत्याच्या फडताळात या मातीशेजारी तिचा एक प्रतिस्पर्धी असे: बेझोअर. इराणकडील रानबोकडाच्या पोटात तयार होणारा हा खडा. नाव फारसी ‘पादजहर’वरून आलेले, अर्थ विषनिवारक. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाच्या दरबारी वैद्यक केलेल्या गार्सिया द ओर्ता याने १५६३ मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आहे. फ्रान्समध्ये अँब्रुआझ पारे या शल्यवैद्याला मात्र त्याचा भरवसा नव्हता. राजा नववा शार्ल याच्या संमतीने चांदीची ताटे चोरणाऱ्या एका आचाऱ्यावर प्रयोग झाला. विष दिले, बेझोअर दिला. सुमारे सात तासांनी आचारी तडफडून मेला. राजाने खडा जाळून टाकायला सांगितले. युरोपातील मागणी तसूभरही कमी झाली नाही.

२३/
कारण वाद वेगळ्याच मुद्द्यावर चाले. बेझोअर निष्फळ ठरला की म्हणत, तो खडा बनावट असावा! १६०३ मध्ये इंग्लंडमध्ये लोपस नावाच्या ग्राहकाने चँडेलर या सोनाराकडून १०० पौंडांना बेझोअर घेतला. तो खोटा निघाल्यावर प्रकरण न्यायालयात गेले. सोनाराने ‘हा बेझोअर आहे’ असे म्हटले होते, पण तशी हमी दिली नव्हती; नुसत्या सांगण्याला हमी मानता येत नाही, म्हणून दावा टिकत नाही, असा निर्णय झाला. ‘ग्राहकाने स्वतः सावध राहावे’ या इंग्रजी कायद्यातील तत्त्वाचा दाखला म्हणून हा खटला अनेक पिढ्या सांगितला गेला.

२४/
महागड्या खड्याच्या या बाजारात सतराव्या शतकाच्या मध्यास गोव्याने स्वतःचा माल उतरवला. जेझुइट संघातील फ्लॉरेन्सचा गास्पार आंतोनियो याने कृत्रिम बेझोअर घडवला. अंड्याएवढा, सोन्याच्या वर्खात मढवलेला हा गोळा ‘गोवा स्टोन’ म्हणून जगभर गेला. खरवडून त्याची पूड पाण्यातून वा चहातून घेत. श्रीमंत लोक तो सोन्याच्या जाळीदार डबीत ठेवत. अशी एक डबी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. शिवकाळात जुन्नरपर्यंत येऊन गेलेला इंग्रज वैद्य जॉन फ्रायर याने १६७० च्या दशकात गोव्यात आंतोनियोची माहिती नोंदवली. तो तेव्हा म्हातारा झाला होता, दृष्टी जवळजवळ गेली होती, आणि त्याच्या या शोधातून संघाला वर्षाला ५०,००० शेराफिन मिळत होते.

२५/
या गोळ्यात प्रवाळ, मोती, माणिक, पाचू, पुष्कराज यांची भुकटी, कस्तुरी, अंबर आणि बेझोअर असे. आणि त्यांच्या जोडीला टेरा सिजिलाटाही. लेम्नोसपासून सुरू झालेली मुद्रांकित माती अशी मांडवीच्या काठी येऊन पोहोचली. गोवा स्टोन ही मुळात नक्कल. पण तिला एवढी प्रतिष्ठा लाभली की तिच्याच नकला निघू लागल्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस गोव्याच्या अधिकाऱ्यांनी तो बनवण्याचा एकाधिकार जेझुइटांना दिला. नकलेचे रक्षण करण्यासाठी मक्तेदारी! १७५९ मध्ये पोर्तुगालच्या राजाने जेझुइटांना आपल्या मुलखातून हद्दपार केले, तेव्हा हा उद्योगही मावळला.

२६/
तोवर प्रश्नच बदलू लागला होता. १७१५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्य फ्रेडरिक स्लेअर यांनी बेझोअरवरील प्रयोगांचे पुस्तक प्रसिद्ध केले. पौर्वात्य असोत वा इतर कुठले, हे खडे औषध म्हणून निरुपयोगी आहेत, हा निष्कर्ष पुस्तकाच्या शीर्षकातच होता. या भूमिकेत खऱ्याखोट्याचा जुना झगडा आपोआप मिटतो. जो पदार्थ अस्सल असूनही काही करत नाही, त्याची नक्कल ओळखून काय मिळवायचे? मुद्रांकित मातीही पुढच्या काळात युरोपीय औषधिकोशांतून हळूहळू बाहेर पडली.

२७/
तरीही त्या मातीला थोतांड म्हणून निकालात काढणे योग्य होणार नाही. केओलिन, मॉन्टमोरिलोनाइट यांसारख्या चिकणमातीतील खनिजांचे कण अतिशय सूक्ष्म असतात आणि त्यांचा पृष्ठभाग प्रचंड असतो. काही विषारी द्रव्ये त्या पृष्ठभागाला चिकटून राहतात व शरीरात शोषली जात नाहीत. विसाव्या शतकातही अतिसाराच्या औषधांत केओलिन असे. विषबाधेत आज दिला जाणारा सक्रिय कोळसा याच तत्त्वावर चालतो. म्हणजे गॅलेनचे निरीक्षण अगदी निराधार नव्हते. मात्र हा गुण चिकणमातीचा, शिक्क्याचा नव्हे. नीट धुतलेली ‘खोटी’ माती ‘खऱ्या’ इतकीच उपयोगी पडू शकत होती. आणि शिसे किंवा आर्सेनिकयुक्त माती खरी असो वा खोटी, घातकच.

२८/
दीड हजार वर्षे वैद्य, व्यापारी, सुलतान आणि न्यायाधीश एकाच प्रश्नाशी झुंजत राहिले: हा माल अस्सल कसा ओळखावा? त्यासाठी देवीची मुद्रा आली, सणाचा दिवस ठरला, राजसत्तेचा पहारा बसला, मक्तेदारी दिली गेली. या साऱ्यांनी माल कुठून आला, एवढेच सांगितले. माल काय करतो, हे तपासायची पाळी आली ती स्ट्रीगाउच्या उपऱ्या मातीवर, कारण तिच्यापाशी दाखवायला वंशावळ नव्हती. त्या तपासणीची किंमत आठ मुक्या जिवांनी आणि फाशीच्या भयाने विष प्यायला तयार झालेल्या एका कैद्याने मोजली.

२९/
आजही खनिज पूरकांच्या डब्यांवर होलोग्राम असतो, उगमाच्या डोंगराचे चित्र असते, ‘मूळ उत्पादन’ अशी ग्वाही असते. लेम्नोसच्या वडीवरील आर्टेमिसच्या मुद्रेचे हे थेट वंशज. डबा हाती घेतल्यावर दोन प्रश्न वेगवेगळे विचारायला हवेत: आतले द्रव्य डब्यावर लिहिले आहे तेच आहे का? आणि तेच असेल, तर ते शरीरात नेमके काय करते, हे कुणी, कशाशी तुलना करून तपासले आहे?

(थ्रेड समाप्त)